उतारावरचं इंजिन

फार जुनी नव्हे, डिझेलचा वास खेडोपाडी पोचल्यानंतरचीच ही गोष्ट. पण पोरांना सांगण्याइतकी जुनी नक्की आहे. एका डोंगराच्या माथ्यावर एक गाव होतं. गावाखाली सगळा काळा पाषाण, आणि त्या पाषाणावर पोट भरणारी एक पाथरवटीण तिथं राहायची. नाव ठकूबाई. पाटे, वरवंटे, जाती, उखळं घडवायची आणि डोंगराखाली नदीकाठच्या बाजारात नेऊन विकायची. हाताला घट्टे होते, जिभेला धार होती, आणि दोन्हीची तिला लाज नव्हती.

आता तिच्या धंद्यातली गोम नीट ऐका. बाकीची दुनिया ओझं घेऊन डोंगर चढते. ठकूबाई ओझं घेऊन उतरायची. दगडांनी भरलेली गाडी खाली न्यायची, रिकामी वर आणायची. चढ काय, धापा टाकत का होईना, चढतो माणूस. उताराने मात्र त्या घाटात कितीतरी गाड्या गिळल्या होत्या.

तिचा नवरा म्हादू, त्याचा एक पायही त्या उतारानेच नेला. कसा, तेही सांगतो. गावात एक रीत होती. पाटलाने पाठीवर हात ठेवून "पसंत" म्हटल्याशिवाय नवा बैल कुणी दावणीला बांधायचा नाही. म्हादू बैल घ्यायला निघाला, तेव्हा पाटील बाजारात सोबत गेला आणि एका पांढऱ्याशुभ्र बैलावर हात ठेवून म्हणाला, "हाच घे. शिंगं बघ, चाल बघ! गावाची मान ताठ होईल."

चाल देखणी होती, खोटं कशाला बोला? पण भरली गाडी उतरताना बैलाने पाय रोवून, मागं रेटून गाडी धरायची असते. हा पळायला शिकलेला, धरायला नाही. एका वळणावर गाडी त्याला आवरेना, आणि म्हादूचा पाय चाकाखाली आला. पाटील घरी येऊन हळहळला, चहा प्यायला, "नशीब एकेकाचं" म्हणाला आणि निघून गेला. त्या दिवसापासून ठकूबाईच्या मनात त्या रीतीविषयी जी चीड बसली, ती काही उतरली नाही.

पुढं तिने बैल विकले. गाडी चालवायला शिकली. गावाने नाकं मुरडली, तिने गिअर बदलायचा सराव केला. आणि साठवलेल्या पैशांतून पिकअप घ्यायची ठरली, तेव्हा पाटील दारात हजर!

"ठके, बैल काय नि गाडी काय, रीत ती रीत. मी येतो निवडायला."

"या की," ठकूबाई म्हणाली. "बघायला कुणालाच बंदी नाही."

तालुक्याच्या दुकानात पिकअप एकाच जातीची होती, पण तिच्यात दोन प्रकारचं इंजिन मिळत होतं, आणि दोन्ही गाड्या समोर उभ्या होत्या. एक नवं, हलकं, किल्ली फिरवताच उसळणारं. दुसरं थोराड, जड, सावकाश चालणारं; आवाज असा की म्हातारा घसा खाकरतोय. पाटलाने पहिल्या इंजिनाच्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला.

"हे पसंत! वाऱ्यासारखी पळेल."

दुकानदाराने मान डोलावली. "पाटलांची नजर आहे बरं का, ताई. चढावरसुद्धा भराभर जातं हे."

"आणि उतारावर?" ठकूबाईने विचारलं.

दुकानदार हसला. "उतारावर इंजिनाचं काय काम? उतारावरून दगडसुद्धा जातो."

"दगड जातो, म्हणून तर विचारते. माझ्या गाडीत दगडच असतात."

दुकानातले सगळे हसले. ठकूबाई हसली नाही. ती म्हणाली, "बैल घेताना आम्ही नुसतं दावणीला बांधलेलं जनावर बघत नाही. गाडीला जुंपून बघतो. दोन्ही गाड्या भरा. इथून पुढच्या टेकडीवर नेऊ, तिथून उतरवून बघते. मग ठरवते."

"असं कुणी करत नाही, ताई."

"मग आज मी करते. जमत नसेल तर सांगा, दुसरं दुकान बघते."

गिऱ्हाईक हातचं जातंय म्हटल्यावर दुकानदाराला सगळं जमलं. वाळूच्या गोण्या चढवल्या. टेकडीच्या माथ्यावरून ठकूबाईने आधी हलक्या इंजिनाची गाडी काढली. लहान गिअर टाकला, ब्रेकवरून पाय उचलला. इंजिन किंचाळलं, पण गाडी सुटली ती सुटलीच. सगळा भार ब्रेकवर आला. मग तिने थोराड इंजिनाची गाडी घेतली. तोच उतार, तेवढंच ओझं. लहान गिअर टाकून पाय उचलला, तर इंजिन नुसतं गुरगुरलं आणि गाडीला मागं धरून बसलं. ब्रेकवर फारसा पायच ठेवावा लागला नाही. ठकूबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. असा एक बैल तेव्हा दावणीला असता तर, असं तिला वाटून गेलं.

"हे," ती खाली उतरून म्हणाली. "हेच इंजिन."

पाटलाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "ती म्हैस? गावात हसं करून घ्यायचंय का? मी हात ठेवलाय दुसऱ्यावर, कळतंय ना?"

"हात तुम्ही ठेवलात, पण स्टिअरिंग मी धरणार आहे. आणि शेजारी माझा नवरा बसणार आहे."

"ऐक, ठके. माझा शब्द मोडलास तर गावाचं एक पोतं तुझ्या गाडीत चढणार नाही. नुसत्या पाट्या-वरवंट्यांवर गाडीचं डिझेल तरी सुटेल का?"

हे मात्र खरं होतं. गावची ज्वारी, भुईमूग, माणसं नेली तरच गाडी परवडणार होती. क्षणभर ठकूबाईने दोन्ही गाड्यांकडे पाहिलं. मग ती दुकानदाराला म्हणाली, "कागद आणा."

गाडी गावात आली तेव्हा नारळ फोडायला कुणी पुढं आलं नाही. म्हादूने कुबडी भिंतीला लावली आणि बसल्या जागेवरून स्वतःच नारळ फोडला. पाटलाने त्याच आठवड्यात ते हलकं, उसळणारं इंजिन असलेली पिकअप आपल्या दारात आणून उभी केली. "गावाची पोती माझ्या गाडीत," त्याने सांगितलं, आणि सगळ्यांनी माना हलवल्या. गाव करी ते राव न करी म्हणतात. पण गावच रावाच्या मुठीत असेल तर काय करायचं?

लोक तिच्या गाडीला 'म्हैस' म्हणू लागले. पाटलाची गाडी हॉर्न वाजवत पुढं निघून जायची आणि ठकूबाईची गुरगुरत मागून यायची.

"हसतील त्यांचे दात दिसतील," ती म्हणायची, पण घरी आल्यावर कधीकधी नुसती बसून राहायची.

"चुकलं का हो माझं?" एकदा तिने म्हादूला विचारलं.

म्हादू वरवंट्याला टाकी लावत होता. "ते मला नको विचारूस," तो म्हणाला. "मी तुझ्या शेजारी बसतो ना घाटात? भ्यायलेला दिसलो का कधी?"

मग जत्रेचा दिवस आला. जत्रेला पाट्या-वरवंट्यांना गिऱ्हाईक भरपूर, म्हणून ठकूबाईने हौदा काठोकाठ भरला आणि सकाळीच निघाली. मागून पाटलाची गाडी आली. हौद्यात ज्वारीची पोती, पोत्यांवर बायका, पोरं, म्हातारे. अर्धं गाव म्हणा ना! पाटील स्वतः चालवत होता. फेटा बांधलेला, मिशीला पीळ दिलेला. घाट अरुंद, पुढं जायला वाट नाही, म्हणून तो मागून सारखा हॉर्न वाजवत होता. गाडी पुढं रेटायची, मग ब्रेक. पुन्हा रेटायची, पुन्हा ब्रेक.

अर्ध्या घाटात जळकट वास आला.

"आपला नव्हे," म्हादूने आरशात बघत सांगितलं. मग त्याचा आवाज बदलला. "ठके, त्यांचा ब्रेक गेला! तापून गेला. पाटील नुसता पाय मारतोय."

हॉर्न आता थांबेचना. पोत्यांवरच्या बायका किंकाळ्या मारायला लागल्या. पुढं डाव्या अंगाला डोंगराच्या पोटात गाडी घुसवण्याएवढी मोकळी जागा होती. तिथं वळलं की पाटलाची गाडी सरळ निघून गेली असती. त्याच्यापुढं काय होतं, ते दोघांनाही ठाऊक होतं. आंधळं वळण, आणि त्या वळणाखाली दरी.

"बाजूला घे!" म्हादू ओरडला. "आपण चिरडलो जाऊ!"

खरं सांगायचं तर, "जाऊ दे मेल्याला" हेच ठकूबाईच्या मनात आधी आलं. इतक्या दिवसांचा अपमान, नवऱ्याचा पाय, सगळं एकदम वर आलं. पण आरशात तिला ती पोत्यांवरची माणसं दिसली. पोरं एकमेकांना गच्च धरून बसली होती. इंजिन त्यांनी थोडंच निवडलं होतं? त्यांना कुणी विचारलं तरी होतं का?

"धरून बसा," ती म्हणाली आणि मोकळी जागा मागं टाकून तशीच पुढं गेली.

मागची गाडी आदळायच्या आधी तिने आपली गाडी जरा पळू दिली, म्हणजे दणका कमी बसेल. तरी बसलाच! हौद्यातले पाटे खणाणले, म्हादूचं डोकं काचेवर आपटलं. तिने लहान गिअर टाकला आणि ब्रेक दाबत, सोडत, पुन्हा दाबत राहिली. थोराड इंजिन ओरडलं, सगळी गाडी थरथरली. दोन गाड्यांचं ओझं त्या एका इंजिनावर आलं होतं. "धर, माझ्या राजा, धर!" ठकूबाई मोठमोठ्याने म्हणत होती. आंधळं वळण आलं. मागच्या गाडीला पाठीवर घेऊन ती चालण्याच्या वेगाने त्या वळणावरून उतरली. मग पुढचं वळण, मग त्याच्या पुढचं. नदीकाठच्या सपाटीवर दोन्ही गाड्या एकमेकींना चिकटून थांबल्या.

कुणाला साधं खरचटलंही नव्हतं. म्हादूच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं आणि काही पाट्यांचे तुकडे झाले होते, एवढंच. बायका उतरून रडायला लागल्या. जत्रेतली माणसं धावत आली. पाटील खाली उतरला तेव्हा त्याचा फेटा सुटला होता आणि तोंड पांढरं पडलं होतं. पण गर्दी जमली तसा त्याला कंठ फुटला.

"बघितलंत? आमच्या गावची गाडी! जड इंजिन घे, म्हणून मीच सांगितलं होतं हिला. निवड आमची होती!"

आणि ऐका, गावातली माणसं माना हलवायला लागली. सवयच ती! नुकती मरणातून वाचलेली माणसं, पण मान आपली हललीच.

"खोटं," ठकूबाई म्हणाली. सगळी जत्रा ऐकेल एवढ्या मोठ्याने. "पाटील, आधी खाली बसा, पाणी प्या, मग बोला. या इंजिनाला तुम्ही म्हैस म्हणालात. हे घेतलं म्हणून तुम्ही माझ्या गाडीत एक पोतं चढू दिलं नाहीत. आज तुम्ही वाचलात ते मी तुमचं ऐकलं नाही म्हणून!"

पाटलाने आजूबाजूला पाहिलं. या वेळी एकही मान हलली नाही. एक म्हातारी पुढं झाली, पाटलाच्या हौद्यातलं आपलं पोतं ओढायला लागली आणि म्हणाली, "ठके, परत जाताना मला तुझ्या गाडीत घे गं बाई." मग दुसरी आली, मग तिसरी. पाटील फेटा गुंडाळत जत्रेच्या गर्दीत शिरला, आणि त्या गावात पाठीवर हात ठेवायची रीत त्या दिवशी संपली.

इथं कुणीही गोष्ट संपवील. पण खरी गंमत पुढं आहे.

काही दिवसांनी सपाटीवरच्या गावातला एक माळी ठकूबाईच्या दारात आला. फुलांचा धंदा होता त्याचा. मोगरा तोडायचा आणि उन्हं चढायच्या आत शहरात पोचवायचा, एवढंच त्याचं काम. तो हात जोडून म्हणाला, "ठकूबाई, मी पिकअप घेतोय. आता तुमचा शब्द म्हणजे शब्द. दुकानात चला, तुम्ही ज्याच्यावर हात ठेवाल ते इंजिन घेतो. तुमचं ते थोराडच घेऊ ना?"

भोवती गावातले चार जण होते. सगळ्यांनी कौतुकाने माना हलवल्या. त्या हलणाऱ्या माना बघून ठकूबाईच्या अंगावर काटा आला.

"माझ्या हाताचं काय करायचंय तुम्हाला?" ती कडाडली. "तुमचा रस्ता सपाट, तुमचं ओझं मोगऱ्याचं. माझं इंजिन घेतलंत तर शहरात पोचेपर्यंत फुलांचा पालापाचोळा होईल! तुम्हाला कदाचित ते पळणारंच बरं. मी कदाचित म्हणते, कारण तुमच्या वाटेने मी कधी गेले नाही."

"मग मी कुणाला विचारू?"

"फुलं भरा, तुमच्याच रस्त्याने तुमच्याच वेळेला दोन्ही चालवून बघा, आणि ज्याने काम होईल ते घ्या. पाटलाचा हात माझ्या गाडीवरून काढायला मला एवढं भांडावं लागलं, भाऊ. तो उचलून आता माझा ठेवू नका!"

माळी बिचारा ओशाळला. ठकूबाईने त्याला पाणी दिलं, चहा दिला. सल्ला मात्र दिला नाही. तो गेला, फुलं भरून दोन्ही गाड्या चालवून बघितल्या, आणि ते हलकं, उसळणारं इंजिन घेतलं. त्याचा मोगरा रोज दव असतानाच शहरात पोचू लागला.

तात्पर्य: ओझं ज्याचं, वाट ज्याची, निवडही त्याचीच. ती दुसऱ्याला करू देऊ नये, आणि दुसऱ्याची आपण करायलाही जाऊ नये.