मोराच्या झाकणाचं घड्याळ

ही गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही, आणि न आठवल्यामुळे कुणाचं काही अडलेलंही नाही.

त्या राजाच्या राज्यात डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाच्या शेतांना पाणी एकच, वरच्या बंधाऱ्यातून येणाऱ्या पाटाचं. सूर्य उगवला की बंधाऱ्याचं दार या गावाकडे उघडायचं. सूर्य मावळला की ते बंद व्हायचं आणि पाणी पलीकडच्या गावाला जायचं. राजाचा हुकूमच होता तसा. त्यात काडीचाही बदल होत नसे.

दिवसभराचं हे पाणी सगळ्या शेतांना सारखं वाटून द्यायचं काम पाटकऱ्याचं. पाटकरी होता रखमाजी. त्याच्याजवळ एक खिशातलं घड्याळ होतं. गावातलं एकमेव. राजाच्या आजोबांनी रखमाजीच्या आजोबांना दिलेलं. चांदीची डबी, डबीला झाकण आणि झाकणावर राजाचा मोर कोरलेला. पहाटे रखमाजी पाटावर जाऊन बसायचा आणि सूर्याची कड दिसली की काटे जुळवायचा. मोठा काटा एक फेरा पुरा करीपर्यंत पहिल्या शेताला पाणी, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. फेरा संपला की रखमाजी "सोडाऽऽ" अशी हाक द्यायचा आणि पाणी पुढच्या शेतात वळायचं. शेवटच्या शेताचं पाणी भरून व्हायला आणि सूर्य बुडायला एकच गाठ पडायची. तंटा नाही, बखेडा नाही.

ते शेवटचं शेत धुरपदाचं. शेत कसलं, चार वाफे म्हणा. पण गावाचा सगळा मान त्या वाफ्यांत होता. त्या गावच्या मिरचीचं नाव राज्यभर होतं, आणि त्या मिरचीचं रोप धुरपदाच्या वाफ्यातच व्हायचं. उन्हाळ्यात तिने बी टाकायचं, पावसाच्या तोंडावर सगळ्यांनी रोपं न्यायची, ही रीत. बीदेखील तीच राखायची. तिच्याआधी तिची सासू राखायची. बाकीच्यांची मिरची सगळी कुटून तिखट व्हायची; दुसऱ्या कुणाच्या घरी पेरायला एक दाणा नसायचा, कारण धुरपदा असताना ती कटकट करतो कोण!

एका उन्हाळ्यात रखमाजी पाटाची फुटलेली कड लिंपायला वाकला आणि घड्याळ पाण्यात पडलं. सापडेपर्यंत त्यात गाळ शिरला होता. रखमाजीने ते पुसलं, वाळवलं, कानाशी धरलं, हलवलं. घड्याळ मुकं ते मुकंच. मग त्याने शेजाऱ्याला सूर्याच्या अंदाजाने पाणी वळवायला सांगितलं आणि तडक राजधानीच्या पेठेत घड्याळजीचं दुकान गाठलं.

घड्याळजीने भिंग डोळ्याला लावून आत पाहिलं. "यंत्र गेलं हे," तो म्हणाला. "डबी मात्र ठणठणीत आहे. आत दुसरं यंत्र बसवावं लागेल."

"मग बसवा की."

"बसवा की! अहो, पाटकरीबुवा, ही काय उशी आहे, कुठलाही कापूस कोंबायला? मापाचं मिळायला हवं."

घड्याळजीने खण ओढला. मोडीत निघालेल्या घड्याळांची यंत्रं त्यात मांडून ठेवलेली होती. पहिलं जाड निघालं, झाकणच मिटेना. दुसरं पातळ होतं, पण त्याचा किल्लीचा दांडा वरच्या बाजूला आणि डबीचं भोक उजव्या कडेला. दांडा भोकात घातला तर बाराचा आकडा वर राहायचं सोडून उजवीकडे आडवा झाला. रखमाजीने मान वाकडी करून पाहिलं आणि "हे नको" म्हणाला.

तिसरं यंत्र घड्याळजीने जपून उचललं. "वेळेला असं पक्कं यंत्र माझ्या दुकानात दुसरं नाही. पण जरा मोठं आहे. डबी आणि झाकण आतून घासलं तर बसेल. चांदी मात्र पातळ आहे, घासली की मोर फाटेल."

"मोराला हात लावायचा नाही!" रखमाजी केवढ्याने तरी ओरडला.

"नाही लावत. याला शिसवाची डबी करून देतो. चांदीची डबी देवघरात ठेवा."

"लाकडाची डबी घेऊन मी पाटावर बसू? लोक म्हणतील, पाटकऱ्याने पोराचं खेळणं आणलंय."

"लोकांना पाणी हवंय की मोर?"

"दोन्ही हवंय," रखमाजी म्हणाला. "आणखी बघा."

घड्याळजीने नाइलाजाने चौथं यंत्र काढलं. ते डबीत ठेवलं मात्र, टच्च बसलं. दांडा भोकातून नीट बाहेर आला, बारा वर, सहा खाली, झाकण टक् करून मिटलं. रखमाजीला इतका आनंद झाला की त्याने तिथेच मोराला कपाळ टेकवलं.

"थांबा, थांबा," घड्याळजी म्हणाला. "हे मागे पडतं. चाकं झिजली आहेत याची. मी हात टेकले, ते काही सुधारत नाही."

"थोडंसं मागे पडलं तर काय बिघडतं? आमच्या गावात ताडून बघायला दुसरं घड्याळ आहेच कुठे?"

"मी सांगायचं काम केलं," घड्याळजी म्हणाला. "पुढे तुमची मर्जी." आणि त्याने मळसूत्रं पिळून घड्याळ रखमाजीच्या हातात दिलं.

रखमाजी परतला. पाटावर बसून त्याने झाकण उघडलं तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. तोच मोर, तीच चांदी, तीच टिकटिक. फरक एवढाच, की काटा आता रेंगाळत चालायचा. फेरा पुरा व्हायला जास्त वेळ घ्यायचा आणि तेवढा वेळ पाणी त्या शेतात थांबायचं. पहिल्या शेताला थोडं जास्त पाणी मिळालं. दुसऱ्याला थोडं जास्त. मधल्यांनाही थोडं थोडं जास्त. आता फुकट मिळालेलं पाणी कुणाला टोचतं? कुणी चकार शब्द काढला नाही.

पण दिवस काही कुणासाठी लांबत नाही. पाणी धुरपदाच्या बांधाशी येऊन पोचायचं आणि सूर्य टेकायचा. वर बंधाऱ्याचं दार बंद व्हायचं. पाटात उरलेली ओल तेवढी तिच्या वाट्याला.

एकदा झालं, दोनदा झालं. मग धुरपदाने देवळासमोर गाव गोळा केलं.

"माझी रोपं माना टाकायला लागलीत," ती म्हणाली. "पिण्याच्या विहिरीतून कळश्या वाहून वाहून माझी कंबर मोडली, तरी एक वाफा भिजत नाही. आधी सगळ्यांच्या पाळ्या एका दिवसात बसायच्या. आताच का बसत नाहीत? रखमाजीदादा, तुमचं घड्याळ मागे पडतंय."

सगळ्यांनी रखमाजीकडे पाहिलं. रखमाजीने घड्याळ बाहेर काढलं. मोर उन्हात चमकला.

"राजाचं घड्याळ आहे ते, धुरपदा," मधल्या शेताचा म्हातारा म्हणाला. त्याचा भुईमूग त्या वर्षी कसा तरारला होता! "ते कसं खोटं बोलेल? माझी पाळी तर अगदी बरोबर भरतेय."

"मग माझं पाणी जातं कुठे?"

मग कुणीतरी म्हणालं, "दिवस लहान होत असेल."

भर उन्हाळ्यात दिवस लहान! काय बोलावं? पण तिथे कुणी हसलं नाही. उलट चारदोघांनी माना डोलावल्या. "हो, हल्ली लवकरच मावळतो खरा," असंही एकजण म्हणाला.

रखमाजीला घड्याळजीचे शब्द आठवत होते. ते अगदी जिभेवर आले होते. बोलला असता तर त्याच दिवशी सगळं मिटलं असतं. पण बोलायचं म्हणजे आतलं यंत्र खोटं आहे हे सांगायचं, आणि मग मोराच्या झाकणाला कोण विचारणार? त्याला लाज वाटली, भीतीही वाटली. त्याने झाकण मिटलं आणि तो म्हणाला, "घड्याळ नीट आहे."

धुरपदा घरी गेली. पहिली सगळी रोपं जळाली तेव्हा तिने उरलेलं सगळं बी काढून पुन्हा टाकलं. ते उगवलं, दोन पानांवर आलं, आणि तेही जळालं. त्या दिवशी ती बांधावर बसून मोठ्याने रडली. वरच्या शेतांतून पाण्याचा खळखळाट ऐकू येत होता.

पुढे पाऊस आला. जमिनी नांगरून तयार झाल्या आणि रिवाजाप्रमाणे सगळे टोपल्या घेऊन धुरपदाच्या वाफ्यांवर आले. तिथे पिवळ्या काड्या होत्या.

"रोप कुठाय?" म्हाताऱ्याने विचारलं.

"तुमच्या भुईमुगात गेलं," धुरपदा म्हणाली. "त्याच्या उसात गेलं. तिच्या वांग्यांत गेलं."

"मग बी दे. आम्हीच टाकतो."

"बी? होतं नव्हतं ते सगळं मी मातीत घातलं. तुम्हालाच रोप द्यायचं होतं ना!"

टोपल्या खाली ठेवून माणसं उभी राहिली. मग गर्दीतून रखमाजी पुढे आला. "घड्याळ मागे पडत होतं," तो म्हणाला. "मला ठाऊक होतं. पेठेतच ठाऊक होतं."

त्याला दोष देणार कोण? ज्याने त्याने आपापल्या हिरव्या शेताकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

पुढच्या उन्हाळ्यात पाटावर शिसवी डबीतलं घड्याळ आलं. त्याला कुणीही हसलं नाही. धुरपदाच्या वाफ्यांत पाणी पुन्हा वेळेवर पोचू लागलं. दूरच्या गावाहून बी आणलं, रोपंही चांगली झाली, पण ती मिरची दुसरीच होती. ज्या मिरचीसाठी लोक त्या गावाला ओळखायचे, ती मिरची त्यानंतर कुणाच्या ताटात पडली नाही.

तात्पर्य: बाहेरच्या झाकणाला शोभतं म्हणून जो आतलं खोटं यंत्र पत्करतो, त्याच्या चुकीची किंमत आधी शेवटचा माणूस भरतो आणि मग सारं गाव.