डाव्या हाताची पकड

"वस्ताद, माणूस उतरलाय हे कशावरनं ओळखायचं?"

बाबालाल वस्तादांनी मान वर केली नाही. पीराच्या दर्ग्यापुढच्या मैदानात ते उकिडवे बसले होते आणि मातीतले खडे वेचून टोपीत टाकत होते. संध्याकाळी पोरं कबड्डी खेळायला येतात, त्यांचे गुडघे फुटू नयेत म्हणून.

"आधी बूट काढ," ते म्हणाले. "मैदानात हाईस. हाटेलात न्हाई."

शांतिनाथ मगदूमनं मुकाट्यानं बूट काढले.

"आणि पोट काय रं हे? तू खेळाडू निवडतोस का खातोस?"

शांतिनाथ हसला नाही. एरवी हसला असता.

हा शांतिनाथ ह्याच मातीत घडलेला. डाव्या कोपऱ्यावर तो उभा राहिला की चढाईला आलेल्याचा घोटा त्याच्या हातात आलाच म्हणून समजा. पुढं लीग आली, नाव झालं, मग गुडघा गेला. आता तो एका मोठ्या संघासाठी खेळाडूंची पारख करतो. कुणाची उडी किती, दम किती, कोण अजून टिकेल आणि कोण नाही, सगळं त्याला विचारतात. त्यानं 'घ्या' म्हटलं की माणूस घेतात. 'द्या' म्हटलं की दुसऱ्या संघाला देऊन टाकतात.

लीगच्या बाजाराला नावं ठेवायला मी बसलेलो नाही. आमच्या भागातल्या कितीतरी पोरांची घरं त्याच्यावर उभी राहिली. पण असलं काम करणाऱ्याला झोप कशी लागत असेल, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

वस्तादांनी एक खडा उचलला, निरखला, टोपीत टाकला.

"घोडं कुठं पेंड खातंय ते सांग."

"काही नाही. सहज विचारतोय."

"सहज इचारायला पुण्यासनं आलास?"

शांतिनाथ बूट उचलून रेघेबाहेर ठेवायला लागला.

"कोण उतरलाय?"

"..."

"शांत्या. कोण?"

"बिरू," तो म्हणाला.

वस्तादांचा हात मातीवरच थांबला.

बिरू खिलारे म्हणजे शांतिनाथच्याच गल्लीतलं, त्याच्याच वयाचं धनगराचं पोर. कबड्डीत बचाव करणारे साखळी धरतात, म्हणजे शेजाऱ्याचा हात धरून उभे राहतात. शांतिनाथ कोपऱ्यावर, आणि त्याचा उजवा हात बिरूच्या डाव्या हातात. चड्डी सांभाळायच्या वयापासून हे असंच. कोपऱ्यावरचा पुढं झुकतो, आणि समोरच्याची लाथ आली की शेजारचा त्याला मागं ओढून बाद होण्यापासून वाचवतो. टाळ्या पडतात त्या कोपऱ्यावरच्याला. ओढणाऱ्याकडं कोण बघतंय!

शांतिनाथचा खेळ थांबला तरी बिरू खेळतच होता. शांतिनाथच्याच संघात.

"हरियाणाचा एक पोरगा मिळतोय," शांतिनाथ सांगू लागला. "चढाईला नुसती वीज आहे हो. त्याच्या बदल्यात त्याच्या संघाला आमचा एक बचाववाला पाहिजे. मालक म्हणतात, बिरूला देऊ. माझ्या शब्दासाठी थांबलेत. दिवस मावळायच्या आत सांगायचंय."

"बिरूला ती लोकं खेळवतील?"

"नाही."

"मग घेतात कशाला?"

"जागा भरायला. बाकावर बसवतील, पुढच्या हंगामाला सोडून देतील."

"आणि मग?"

"मग... ह्या वयात कोण घेणार, वस्ताद?"

"म्हंजे खेळ संपला त्याचा."

शांतिनाथनं मान हलवली.

"बिरूला सांगितलंस?"

"नाही. पण संघात कुजबुज झालीय. त्याला कळलं असणार. परवापासून गावात आलाय म्हणे."

"भेटलास?"

"आत्ता येताना त्याच्या दारावरनंच आलो..." शांतिनाथ अडखळला. "गाडी थांबवली नाही."

दर्ग्यावरचं हिरवं निशाण वाऱ्यानं फडफडलं आणि पुन्हा काठीला चिकटून बसलं.

"तुझं काय मत?" वस्तादांनी विचारलं.

"माझं मत कोण विचारतंय? यंत्रं मोजतात. त्याची उडी ठीक आहे, दम ठीक आहे. पण डाव्या हाताची पकड निम्म्यावर आलीय. मी स्वतः उभा राहून पुन्हा मोजायला लावली. शेवटची दोन बोटं वळतच नाहीत त्याची. साखळीत हात सुटतो."

"यंत्र खोटं बोलतंय?"

"नाही."

"तू खोटं बोलतोयस?"

"नाही, वस्ताद. तुमची शप्पथ."

"मग खरं हाय. उतरलाय बिरू."

हेच ऐकायला तर शांतिनाथ एवढ्या लांबून आला होता. वस्तादांनीच म्हटल्यावर प्रश्न मिटला. पण ऐकून तो निघाला मात्र नाही.

"मग देऊ म्हणता?"

"मी कुठं म्हनलं?" वस्तादांनी पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "माझ्या खांद्यावर बंदूक ठिवायला आलास व्हय?"

"तसं नाही..."

"तसंच हाय."

"वस्ताद, मी नाही म्हटलं तर मालक म्हणतील, गाववाल्याला पाठीशी घालतोय. एकदा का तसं म्हटलं की माझ्या पारखीला कोण विचारणार? उद्या मलाच काढतील."

"त्यो हरियाणाचा पोरगा... किती वर्सं पळंल?"

"सहा. नशीब असलं तर आठ."

"मग त्यो बी उतरंल."

"उतरेल."

"मग त्याला कुणाच्या बदली देशील?"

शांतिनाथ खाली बसला आणि वस्तादांबरोबर खडे वेचू लागला. दोन-चार वेचले. मग हात तसाच राहिला.

"तुम्ही आम्हाला कशावरनं निवडलं होतं?"

"निवडलं?" वस्ताद हसले, पण ते हसू तोंडभर आलं नाही. "अरं, जी आली ती खेळवली. तुम्ही दोघंच यायचा रोज. दुसरं कोण हुतं मला?"

पलीकडच्या रस्त्यावरनं उसाचा ट्रॅक्टर गेला. त्याची धूळ खाली बसल्यावर वस्तादांनी विचारलं,

"बोटं कशानं गेली त्याची?"

"मोटारीच्या दारात सापडली म्हणाला. आम्ही एकत्र खेळलो त्या शेवटच्या हंगामातली गोष्ट. उपांत्य सामना जिंकलो आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर ह्याच्या बोटांना पट्टी. म्हटलं, कसला रे धांदरट तू! नुसता हसला."

"आणि तू मानलंस."

"तो कशाला खोटं सांगेल मला?"

वस्तादांनी टोपी बाजूला ठेवली. गुडघ्यावर हात रेटून ते उठले. उठताना 'या अल्ला' म्हणाले.

"चल. कोपऱ्यावर हुभा ऱ्हा."

"आत्ता? वस्ताद, माझा गुडघा..."

"गुडघ्याला कोण इचारतंय? हुभा ऱ्हा म्हनतोय न्हवं?"

शांतिनाथ अनवाणी चालत डाव्या कोपऱ्यावर गेला. चुन्याची रेघ पुसट झाली होती, तरी पायांना जागा बरोबर सापडली. वस्ताद त्याच्या उजव्या बाजूला येऊन उभे राहिले. आपल्या डाव्या हातात त्यांनी त्याचा उजवा हात घेतला. म्हाताऱ्याचा तळवा खरखरीत होता आणि कोरडा.

"डोळं मीट."

त्यानं मिटले.

वस्तादांनी पकड घट्ट केली. मग शेवटची दोन बोटं हळूच उघडली आणि ताठ ठेवली. आता शांतिनाथचा हात फक्त अंगठ्यात आणि दोन बोटांत होता.

"समोर मानूस हाय. घोटा दिसतोय त्याचा. तुला घाई झालीय. जा फुडं."

शांतिनाथ झुकला.

"आजून."

"वस्ताद, तुम्हाला पेलायचं नाही..."

"आजून म्हनतोय!"

तो आणखी झुकला. त्याच्या अंगाचा सगळा भार म्हाताऱ्याच्या तीन बोटांवर आला.

"लाथ!" वस्ताद ओरडले, आणि त्यांनी सगळा जीव लावून त्याला मागं ओढलं.

शांतिनाथचं अंग आपसूक मागं आलं. मागं येता येताच त्याला ते आठवलं.

तो उपांत्य सामना. शेवटची चढाई. त्याला घाई झाली होती आणि तो वेळेआधीच झेपावला होता. समोरच्याची लाथ छातीशी आली. लागली असती तर तो बाद, आणि सामना हातचा गेला असता. पण मागनं हिसका बसला. हातात काहीतरी कडकन वाजलं. पकड एकदम बारीक झाली... पण सुटली नाही. लाथ हवेत गेली आणि पुढच्याच क्षणी त्यानं त्या माणसाचा घोटा धरला. सगळं सभागृह उठून उभं राहिलं. त्यानं दोन्ही हात वर केले, लोकांकडं बघून नाचला.

मागं वळून त्यानं पाहिलंच नव्हतं.

शांतिनाथनं डोळे उघडले. वस्ताद मातीत बसले होते. डावं मनगट त्यांनी पोटाशी धरलं होतं आणि ओठ दातांखाली दाबला होता.

"वस्ताद! लागलं का? बघू..."

"काय न्हाई रं," वस्ताद म्हणाले. "मोटारीच्या दारात सापडलं."

शांतिनाथ त्यांच्यासमोर मटकन खाली बसला.

बराच वेळ तो आपल्या उजव्या हाताकडं बघत राहिला. एवढा अंगानं दांडगा माणूस, मॅटवर भल्याभल्यांना लोळवलेला, आणि त्याची हनुवटी लहान पोरासारखी थरथरत होती.

दिवस कलला होता. उसाच्या तुऱ्यांवर तेवढं ऊन उरलं होतं.

फोन वाजला.

त्यानं पाहिलं. मालकांचाच होता. त्यानं वस्तादांकडं पाहिलं. वस्ताद दुखऱ्या हाताला धरून दुसऱ्या हातानं खडे वेचायला लागले होते.

फोन वाजून थांबला. पुन्हा वाजला.

"हॅलो... हो, बोलतोय... हो सर, झाला विचार." तो थांबला. त्यानं डोळे पुसले, घसा खाकरला, आणि साहेबाच्या आवाजात म्हणाला, "आकडे बरोबर आहेत. पकड राहिलेली नाही... हो."

मग म्हणाला, "द्या."

आता तुम्ही म्हणाल, एवढं कळल्यावर तरी त्यानं नाही म्हणायला पाहिजे होतं. मलाही तसंच वाटतं. ही गोष्ट ज्याला ज्याला सांगितली त्याला तसंच वाटलं. पण आपण काठावर बसून बोलतो. यंत्र खोटं बोलत नव्हतं, बिरूचा हात खरंच गेला होता, आणि शांतिनाथला नोकरी टिकवायची होती. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. माणसाचं पाणी असल्याच वेळी कळतं आणि त्याचं वाईट वाटतं, दुसरं काय!

फोन खिशात गेला.

शांतिनाथ वाट बघत राहिला. वस्तादांच्या तोंडाचा पट्टा सगळ्या तालुक्याला माहीत. चढाईला जाताना दम मोडला तर सात पिढ्या उद्धरायचे ते. आता सुटेल, मग सुटेल...

वस्ताद खडे वेचत राहिले.

"वस्ताद, काहीतरी बोला."

"..."

"मी दिला त्याला. ऐकलंत ना? ज्यानं मला ओढलं त्यालाच दिला मी."

"ऐकलं."

"बुटावरनं बोललात. पोटावरनं बोललात. आणि ह्याच्यावर एक शब्द नाही?" आता तो उघड रडत होता. "कानाखाली मारा. एक शिवी तरी हासडा, वस्ताद. पाया पडतो तुमच्या. असं गप्प नका बसू!"

वस्तादांनी टोपीतले खडे कुंपणापाशी नेऊन ओतले. टोपी मांडीवर झटकली, डोक्यावर घातली. परत येऊन ते शांतिनाथच्या शेजारी उभे राहिले, आणि दुखरा हात त्यांनी त्याच्या खांद्यावर ठेवला.

"सकाळी बिरू आल्ता," ते म्हणाले. "म्हनला, शांत्या येईल, लय रडंल. त्याला बोल लावू नगा."