गिरमाजीबुवाचा दोर

शके सोळाशे त्रेपन्न, चैत्र वद्य पंचमी. पिंपळदऱ्याच्या विहिरीत पुरुषभर पाणी उरलं होतं.

त्या विहिरीवरचा प्रत्येक दोर गिरमाजी मांगानं वळलेला. अंबाडीचा वाख तो थुंकीनं ओला करायचा, पीळ द्यायचा आणि वळता वळता अभंग रचायचा. म्हणून लोक त्याला बुवा म्हणत. त्याचा दोर पाण्यात बुडे, ते गावाला चाले. त्याचा हात चालत नव्हता. त्याच्या माणसांनी लांब उभं राहायचं आणि कुणी ओतलं तर न्यायचं.

त्या दिवशी त्याची लेक येसा तापानं फणफणली होती. बायको भिवरा सकाळीच घागर घेऊन गेली. दुपारपर्यंत उन्हात उभी राहिली. शिदोजी पाटील हसून म्हणाला, "भिवरे, तुझ्या बुवाला सांग, अभंग म्हणून पाणी पाड म्हणावं."

ती रिकामी परतली. "कुणी ओतलं न्हाई," एवढंच म्हणाली.

गिरमाजीनं ओढ्याची वाळू नखांनी उकरली. ओंजळभर गढूळ पाणी लागलं, ते लेकीच्या तोंडात घातलं. मग तो विहिरीपाशी गेला आणि मोठ्यानं म्हणाला,

दोर वळे माझा हात । दोर बुडे विहिरीत ॥
देवा, त्याला नाही बाट । आम्हा का रे बंद वाट ॥

असं म्हणतात, त्याच क्षणी गावातल्या सगळ्या दोरांचा पीळ सुटला. वाख मोकळा झाला, पोहरे तळाला गेले. गावानं स्वतः दोर वळून पाहिले. पहिल्याच ओढीला तुटले, असं म्हणतात.

तिसऱ्या दिवशी पाटील गावच्या भटजीला घेऊन गिरमाजीच्या दारात आला. ओठ फुटले होते.

"गिरमाजी, दोर दे. काय पाहिजे ते माग."

"मागत न्हाई, सांगतो. आजपासून आमच्या बाया आपल्या हातानं पाणी काढतील."

पाटलानं भटजीकडं पाहिलं. भटजीनं जमिनीकडं पाहिलं.

"बरं," पाटील म्हणाला.

"अजून हाय. भिवरा जेवढी उभी राहिली, तेवढं तुमी उभं राहायचं."

गिरमाजीनं नवा दोर वळला, पाटील रिकामी घागर घेऊन उन्हात उभा राहिला. येसा जगली.

अजूनही चैत्र वद्य पंचमीला विहिरीवर नवा दोर लागतो. पाटलाच्या घरचा कर्ता पुरुष सकाळपासून अनवाणी, रिकामी घागर घेऊन लांब उभा राहतो. त्याच्यावर कुणी छत्री धरत नाही. गिरमाजीच्या घरची बाई पहिलं पाणी काढते, आपल्या घरी नेते, सावकाश परत येते. ऊन माथ्यावर आलं की ती त्याच्या घागरीत पाणी ओतते. त्या वर्षाचं देणं फिटतं.