पासवर्डची कडी

गाड्या घरं होऊन फिरू लागल्या, त्या काळची ही गोष्ट. शेवंताबाईंच्या घरगाडीत एक स्वस्तातला राऊटर होता. बाईंचा जुना मोबाईल त्याला इंटरनेट पुरवी. मुक्कामावर शेजारच्या गाड्यांतले फोन म्हणत, “दादा, तुमच्यासारखा दिलदार नाही.” राऊटर फुगून जाई आणि पासवर्डची कडी काढून ठेवी.

“अरे, आपल्याकडे नेट आहेच थोडं,” मोबाईल म्हणे. “ते लेकीशी बोलायला घेतलंय.”

“म्हातारबा, तुम्ही जन्माचे कंजूष,” राऊटर म्हणे.

एका संध्याकाळी लेकीने स्वतःच्या ऑपरेशनला जाण्याआधी व्हिडिओ कॉल लावला. त्याच नेटवर शेजारचे सगळे सिनेमे पाहत होते. बाईंच्या टॅबवर लेकीचे ओठ हलले, पण आवाज येईना. बाईंनी टॅबच्या काचेलाच कान लावला.

ते पाहून राऊटरने कडी घातली.

“माजलास का रे?” बाहेरचे फोन चिडले. कडी तशीच राहिली.

आत बाई म्हणत होत्या, “आता येतंय गं ऐकू. बोल.”