उभ्या वल्ह्यांची शर्यत

बसा नीट पाव्हण्यांनो, होडी हलते. खाडी चिंचोळी होते ती हीच जागा. नारळी पुनवेच्या शर्यतीत इथं आल्यावर सगळ्या होड्या थांबतात, वल्ही आभाळाकडे उभी करतात. हसू नका, ऐका आधी.

फार मागं हिरू नाखव्याच्या होडीवर मर्जान नावाचा सिद्दी वल्हवायला असायचा. त्याच्यासारखा हात पंचक्रोशीत नव्हता म्हणे. पण होडी जिंकली की नाखवा जिंकला, हरली की हबशी हरला! काठावरून लोक कोळसे फेकायचे. सोबतचे म्हणायचे, "लक्ष नको देऊस." पोट त्याच होडीवर, जाणार कुठं?

एका साली होडी पुढं होती. मर्जानला काठावर बाप दिसला. कुणीतरी म्हाताऱ्याच्या गळ्यात कोळशांची माळ घातली होती आणि गाव खिदळत होतं. मर्जाननं वल्हं उभं धरलं.

"ज्यानं घातली त्यानं काढावी. तोवर हे पाण्यात पडायचं नाही."

"अरे मेल्या, मानाचा नारळ जाईल!" नाखवा ओरडला. बाकीचे खाली मान घालून बसले. होडी आडवी झाली, मागच्यांची वाट अडली. त्यात ओहोटी लागली. बघता बघता सगळ्या होड्या चिखलात रुतल्या. ना पुढं, ना मागं. काठावरच्यांचंही तेच. आधी निघेल तो भित्रा ठरणार, म्हणून कुणी हलेना. म्हातारा माळ घालून उन्हात उभा.

दिवस कलला तेव्हा माळ घालणारा पुढं झाला आणि त्यानं ती काढली. पण चुकलो म्हणायला त्याची जीभ रेटेना. मर्जान चिखल तुडवत काठावर आला. बापाला खांद्यावर घेतलं आणि गाव सोडलं ते कायमचं, असं सांगतात.

पुढल्या साली या जागी हिरू नाखव्यानं आपणहून वल्हं उभं केलं. लाज वाटली असेल, दुसरं काय! मागच्यांनीही वल्ही उभी केली. माळ घालणाऱ्यानं काठावरून "चुकलो" म्हटलं, तेव्हाच वल्ही खाली आली.

तो माझा पणजा. आजही आमच्या घरातल्या थोरल्यानं तो शब्द म्हणेपर्यंत एक होडी हलत नाही. आता थोरला मीच. काठावर उभा राहतो, सगळी खाडी माझ्याकडे बघते. म्हणतो मी. पण "जा, माफ केलं" म्हणायला मर्जानच्या घरचं इथं कुणीच नाही.