ज्येष्ठमधाच्या दोन काड्या

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे तुमच्या पणजोबांचे पणजोबाही रांगत नव्हते तेव्हा, एका डोंगराळ राज्यात एक आरोग्यघर होतं. निपुत्रिक राणीने मरताना आपलं सगळं धन त्याला देऊन ठेवलं होतं. अट एकच, राज्यातली तरणी पोरं धडधाकट आणि आनंदात राहिली पाहिजेत.

आरोग्यघर सांभाळायची सोनाक्का नावाची म्हातारी वैदीण. हाताला गुण होता आणि स्वभाव भारी चौकस. रीत अशी, की दर पौर्णिमेला सकाळी वडीलधारी मंडळी पारावर जमायची, आपापल्या पोरांची दुखणी सांगायची आणि औषध घेऊन जायची. पोरांनी थोरांपुढे तोंड उघडायचं नाही, ही जुनी शिस्त.

एका विणकराची सोळा वर्षांची लेक येसू दोन महिने नीट जेवत नव्हती. बाप म्हणाला, "पोटात दुखतं." सोनाक्काने ओवा-सुंठ दिली. आई म्हणाली, "अशक्तपणा आहे." शतावरी दिली. पोर वाळतच चालली. अशीच राहिली तर हातची जाईल, हे सोनाक्काला दिसत होतं. मग औषध लागू का पडत नाही? हा किडा डोक्यात वळवळायला लागला आणि म्हातारी काठी टेकत थेट विणकराच्या घरी गेली.

"कुठं दुखतं गं?" तिने येसूला विचारलं.

"पोटातच," बाप म्हणाला.

"झोप लागते का?"

"कुठली झोप? नुसती तळमळते," आई म्हणाली.

सोनाक्काने कपाळावर हात मारला. "काय म्हणावं मला? दोन महिने मी आईबापाच्या तोंडून लेकीची नाडी बघतेय." तिने बटव्यातून ज्येष्ठमधाच्या दोन काड्या काढल्या. "घ्या, दोघांनी चघळा. संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. गुण मुलीला येईल."

दोघं मुकाट चघळत बसली. सोनाक्काने येसूला पुन्हा तेच विचारलं. घाई केली नाही.

"माझी मैत्रीण मैना गेली," शेवटी येसू म्हणाली. "साप चावून. आम्ही लहानपणापासून एका ताटात जेवायचो. आता घरात कुणी तिचं नावसुद्धा घेत नाही. मी घेतलं की म्हणतात, विसर आता. घास तोंडाशी नेला की ती आठवते, आक्का. गिळवत नाही."

आईने काडी टाकून दिली आणि लेकीला पोटाशी धरलं. "मला वाटलं, नाव काढलं नाही तर तुला त्रास होणार नाही," ती रडत म्हणाली. त्या दुपारी घरात मैनेच्याच गोष्टी चालल्या. बोलता बोलता येसूने अर्धी भाकरी खाल्ली.

पुढच्या पौर्णिमेला सोनाक्काने रीतच उलटी केली. पोरं पारावर, थोर मंडळी खाली, ऐकायला. म्हाताऱ्यांच्या जिभा तर नुसत्या शिवशिवत होत्या. मग येसू उठून बोलली, आणि तिच्यामागे एकेक जण बोलू लागला. कुणाला भीती होती, कुणाला रात्रंदिवस राबून विसावा नव्हता, आणि एकाला खरंच पोटदुखी होती. त्याला मात्र ओवा मिळाला.

त्या वर्षी आरोग्यघरातलं निम्मं औषध शिल्लक राहिलं, आणि विणकराची लेक पुन्हा मागावर बसून गाऊ लागली.

म्हणून सांगतो मंडळी, ज्याचं दुखणं असेल, आधी त्यालाच विचारावं.