परका खांदा

शास्ते जेतवनात राहत असताना पुनर्वसू नावाचा एक गृहपती त्यांच्या भेटीला आला. शेजारच्या गावाशी झालेल्या मारामारीत त्याचा धाकटा भाऊ मारला गेला होता. त्या गावचे लोक वेगळ्या वंशाचे आणि वेगळ्या वर्णाचे होते. पुनर्वसू वंदन करून एका बाजूला बसला. मग म्हणाला, “भगवन्, भावाचे दहन काल झाले. उद्या आमचे गावकरी त्या गावावर चालून जाणार आहेत. मी पुढे असावे असे त्यांचे म्हणणे आहे. गेलो नाही तर भावाचे रक्त विकून खाल्ले, असे म्हणतील. मी काय करू?”

शास्ते म्हणाले, “गृहपती, असा प्रसंग पूर्वीही एकावर आला होता. त्याने काय केले ते ऐक. पुढचे तुझे तू ठरव.” आणि त्यांनी ही गतजन्मीची हकिकत सांगितली.

पूर्वी शोणा नदीच्या काठी वेणुमती नगरात अरिमर्दन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तीरवासी लोकांच्या एका कुळात जन्मला होता. त्याचे नाव वरुणदत्त.

ते नगर नदीच्या दोन्ही काठांवर वसलेले होते. अलीकडे तीरवासी राहत. ते रंगाने सावळे. नावा, मासे आणि भातशेती हा त्यांचा व्यवसाय. पलीकडे पथवासी. ते रंगाने उजळ आणि घाऱ्या डोळ्यांचे. त्यांचे पूर्वज बैलांच्या तांड्यांबरोबर उत्तरेकडून आले आणि तिथेच राहिले. ते मालाची ने-आण करीत आणि घोंगड्या विणत. दोन्ही काठांच्या मध्ये नावा जोडून बांधलेला पूल होता. तीरवासी त्यांना ‘वाटसरू’ म्हणत आणि ते तीरवासींना ‘चिखले’ म्हणत. बऱ्या दिवसांत या शब्दांवरून थट्टा होई. वाईट दिवसांत भांडणाला तेच शब्द पुरत.

पूर्वी कधीतरी नगरात मोठी साथ आली होती. घरोघर माणसे गेली, तिरडीला खांदेकरी मिळेनात. तेव्हा या काठच्यांनी त्या काठच्यांचे आणि त्या काठच्यांनी या काठच्यांचे मृत उचलले. त्यातून एक रीत पडली. तिरडीला तीन खांदे आपल्या लोकांचे आणि चौथा पलीकडचा. त्याला ‘परका खांदा’ म्हणत. परका खांदा लागला नाही तर प्रेत जड होते, असे म्हातारी माणसे सांगत. ज्यांच्याकडून तो खांदा आला, त्या लोकांवर सुतक फिटेपर्यंत हात उचलायचा नाही, हाही त्याच रितीचा भाग होता. तसेच लोकांच्या प्रमुखाच्या घरी मृत्यू झाला, तर प्रेत उठेपर्यंत त्या साऱ्या लोकांत कोणी चूल पेटवायची नाही आणि शस्त्र हातात घ्यायचे नाही, असा नेम होता.

बोधिसत्त्व तीरवासींचा प्रमुख होता आणि राजाचा अमात्यही होता. पथवासींचा प्रमुख अश्वक हाही राजसभेत बसे. राजा दोघांनाही आसन देई आणि प्रत्येकाला एकांतात दुसऱ्याविषयी काही सांगे. दोन काठ एकमेकांकडे पाहत राहिले की राजवाड्याकडे कोणी पाहत नाही, हे त्याने ओळखले होते.

एका उन्हाळ्यात नदी फार आटली. माल चढवण्याजोगा एकच घाट उरला. आधी कोणी चढवायचा यावरून रोज कुरबुर होऊ लागली, आणि एके दिवशी वल्ह्याचा फटका बसून एक पथवासी तरुण मेला. तो उत्तरा नावाच्या विधवेचा मुलगा होता. बोधिसत्त्वाने त्याच्या तिरडीला खांदा द्यायला आपला एक माणूस पाठवला. पुलावर तीरवासी तरुणांनी त्याला अडवून परत पाठवले. बोधिसत्त्वाचा मेहुणा रुद्रक तीरवासींच्या पथकाचा नायक होता. तो म्हणाला, “दाजी, पोरं तापलीत. आज नको. निवळू दे.” बोधिसत्त्वाने ते मानले. दिवस मावळला. पलीकडे तिरडीचे चौथे टोक कोणी धरले, याची चौकशी अलीकडे कोणी केली नाही.

त्यानंतर घाटावर रोजच दगड येऊ लागले. बोधिसत्त्वाला पुष्कर नावाचा एकुलता एक मुलगा होता. एका सकाळी तो दोन्हीकडच्या लोकांना आवरायला मध्ये गेला. पलीकडून आलेला एक दगड त्याच्या कानशिलावर बसला. घरी आणेपर्यंत त्याचा प्राण गेला होता.

अंगणात तिरडी बांधली गेली. दारासमोर तीरवासींची गर्दी जमली. कोणाच्या घरी चूल पेटली नव्हती. नेमामुळे कोणाच्या हाती शस्त्रही नव्हते, पण तरुण मुले आपापली वल्ही मांडीवर आडवी घेऊन बसली होती.

रुद्रक बोधिसत्त्वाजवळ येऊन म्हणाला, “दाजी, उठवू या आता. खांद्याला मी आहे, माझे दोघे भाऊ आहेत, चौथे तुम्ही.”

“चौथा परका लागतो.”

“तो कोण देणार? ज्यांनी मारला ते?”

बोधिसत्त्वाने विचारले, “आणि नेणार कुठून?”

“पलीकडून. वाटसरूंच्या आळीतून फिरवून आणू. काय केलंय ते बघू दे त्यांना.”

“स्मशान या काठाला आहे, रुद्रका. बघून झाल्यावर काय?”

प्रेत घराबाहेर पडले की शस्त्राचा नेम सुटतो, हे दोघांनाही माहीत होते.

इतक्यात राजाचा कारभारी पिंगल चंदनाच्या लाकडांची गाडी घेऊन आला. त्याने बोधिसत्त्वाला बाजूला नेले. “महाराजांना फार दुःख झालं आहे. पलीकडून मिरवणूक न्यायची असेल तर पुलावर पहारा नसेल. आणि आजचा दिवस पार पडला की दोन अमात्यांची गरज राहणार नाही. महामात्याची वस्त्रं तयार आहेत.”

“दगड कोणी मारला ते न्यायाधीशांनी शोधावं,” बोधिसत्त्व म्हणाला. “माझा मुलगा न्यायाधीश नाही आणि सेनापतीही नाही. चंदन परत न्या. आमच्यात आंब्याची लाकडं घालतात.”

“विचार करून सांगा, अमात्य. ही वस्त्रं दुसऱ्यालाही येतील.”

“येतील. ती कोणालाही येतात.”

बोधिसत्त्वाची बायको रेवा मुलाच्या उशाशी बसली होती. तिच्या हातात पंखा होता. ती माशा वारत होती. ती म्हणाली, “ऊन चढतंय. माझं पोर किती वेळ असं ठेवणार तुम्ही? जन्मभर साऱ्या नगराचे झालात. आज याचे बाप व्हा.”

“बाप म्हणूनच थांबलोय. याच्या पाठोपाठ कोणाचं घर जळायला नको.”

“पलीकडच्यांचीच घरं ना ती?”

तिला दोष द्यावा असे बोधिसत्त्वाला वाटले नाही, कारण सकाळपासून तेच वाक्य त्याच्याही मनात एकदा येऊन गेले होते. त्याने मुलाच्या पायांवर हात ठेवला, मग तो उठला आणि अनवाणीच पुलाकडे निघाला. अंगणात कुजबुज झाली. कोणीतरी म्हणाले, “चालला पाय धरायला.” रुद्रकाने त्या माणसाला गप्प बसवले, पण बोधिसत्त्वाबरोबर तो गेला नाही.

पलीकडच्या काठावर पथवासी दगडांचे ढीग रचून बसले होते. एकटा माणूस येताना पाहून त्यांनी दगड मारला नाही. अश्वक पुढे आला.

“अमात्य, वाट चुकलात?”

“परका खांदा मागायला आलोय.”

अश्वक मागे वळून आपल्या माणसांकडे पाहून हसला. “ऐकलंत? खांदा हवाय. आमच्या पोराच्या वेळी तुमचे खांदे दुखत होते का?”

“दुखत नव्हते. मी यायला हवं होतं. आलो नाही.”

अश्वकाचे हसू गेले. तो म्हणाला, “आमच्यातलं कोणी येणार नाही. तिकडून जिवंत परत येईल याची हमी कोण देणार?”

“मी हमी देऊ शकत नाही. मी त्याच्या शेजारी चालेन, एवढंच सांगतो.”

“मग जा. उत्तराबाईला विचारा. ती तुम्हाला खांदा देते की काठी, ते आम्हीही बघतो.”

उत्तरा आपल्या दारात लोकर पिंजत बसली होती. कोण आले आहे ते तिला कळले, तरी तिने हात थांबवला नाही. बोधिसत्त्व उन्हात उभा राहिला आणि आपण कशासाठी आलो ते त्याने सांगितले. अश्वक आणि बाकीचे लांब उभे राहून ऐकत होते.

लोकर पिंजता पिंजता ती म्हणाली, “त्याची आई कुठं आहे?”

“त्याच्याजवळ. माशा वारतेय.”

“जेवली?”

“आमच्याकडे चूल पेटलेली नाही. कोणाच्याच घरी नाही.”

“लहान पोरांचं काय मग?”

“काल रात्रीची शिळी भाकरी असेल कोणाकडे, तेवढीच.”

उत्तराने लोकर बाजूला ठेवली. ती म्हणाली, “मी तुम्हाला क्षमा केलेली नाही. तसं कोणाला सांगू नका. मला तुमचं तोंडही बघायचं नव्हतं. पण माझ्या दुःखानं तान्ह्या पोरांनी उपाशी राहावं, असं मी म्हटलं नव्हतं.” तिने पायांवरची लोकर झटकली आणि उठून दाराला कडी घातली.

अश्वक म्हणाला, “बाई, जाऊ नकोस. मारून टाकतील.”

“मारतील तर मारतील. काळजी वाटते तर तू चल बरोबर.”

अश्वक आला नाही. पण ती पुलावर पोचेपर्यंत पथवासींनी हातातले दगड खाली ठेवले होते. त्यांना ते ठेवायला कोणी सांगितले नव्हते.

अलीकडच्या टोकाला रुद्रक वल्ही घेतलेल्या तरुणांसह वाट अडवून उभा होता. परका खांदा लागला की सुतक फिटेपर्यंत आपल्याला पलीकडे हात उचलता येणार नाही, हे त्याच्या ध्यानात आले होते. तो म्हणाला, “दाजी, हा खेळ झाला. बाई कुठं खांदा देते होय? असला खांदा चालत नाही.”

बोधिसत्त्व बोलणार, तोच उत्तरा म्हणाली, “दिलाय मी. एकदा.”

रुद्रकाला प्रथम अर्थ लागला नाही. लागला तेव्हा त्याने मान वळवली. त्या दिवशी खांदेकऱ्याला पुलावरून परत पाठवणाऱ्यांत त्याच्या शेजारी उभी असलेलीच मुले होती. त्यांतल्या एकाने वल्हे पाठीमागे घेतले. वाट मोकळी झाली. बोधिसत्त्व बोलल्याप्रमाणे तिच्या शेजारून चालला.

अंगणात शिरल्यावर उत्तरा रेवेजवळ गेली. रेवेने हातातला पंखा खाली ठेवला आणि सरकून तिला जागा दिली.

मग तिरडी उचलण्याची वेळ आली. पुढचे उजवे टोक मामाचे, ही तीरवासींची चाल. डावे टोक परक्या खांद्याचे. मागे बोधिसत्त्व आणि रुद्रकाचा एक भाऊ उभे राहिले. रुद्रक आपल्या जागी गेला नाही. सर्व लोक त्याच्याकडे पाहत होते. बोधिसत्त्व मागून म्हणाला, “रुद्रका, तू याला खांद्यावर बसवून जत्रेला नेलं होतंस. आज दुसऱ्याला पाठवायचं असेल तर सांग.”

रुद्रकाने वल्हे दुसऱ्याच्या हाती दिले आणि टोक धरले.

उत्तरा बुटकी होती. तिरडी उचलली तशी ती तिच्या बाजूला कलली आणि पुष्करचे मस्तक त्या बाजूला घसरू लागले. रुद्रक नगरातला सर्वांत उंच माणूस. त्याने खाली पाहिले, मग गुडघे थोडे वाकवले आणि आपला खांदा तिच्या खांद्याइतका खाली आणला. तिरडी सारखी झाली. तसाच वाकून तो चालू लागला.

चव्हाट्यावर डावीकडे पूल आणि उजवीकडे स्मशानाची वाट होती. तरुण मुले थांबून त्याच्या तोंडाकडे पाहू लागली. एकाने विचारले, “नायक, कोणीकडे?”

“कोणीकडे म्हणजे? माझी पाठ मोडतेय. स्मशान काय नवीन आहे तुला?” रुद्रक म्हणाला आणि उजवीकडे वळला.

अग्नी दिल्यावर तीरवासींच्या घरांतून धूर निघाला. तो चुलींचा होता. पलीकडे छपरांवर उभे राहून पथवासी तो पाहत होते. तो कशाचा आहे हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला.

सुतक फिटेपर्यंत कोणी हात उचलला नाही. तेवढ्या दिवसांत नदीला थोडे पाणी आले आणि दुसरा घाट चालू झाला. तेढ संपली असे नाही. पुढेही कधी दगड आले, कधी शिव्या आल्या. दगड मारणारा तरुण सापडला. न्यायाधीशांनी त्याला नगराबाहेर काढले, आणि उत्तराच्या मुलाला वल्हे मारणाऱ्यालाही त्याच दिवशी काढले. राजाने मात्र बोधिसत्त्वाचे अमात्यपद काढून घेतले, आणि महामात्याची वस्त्रे पिंगलाला आली. बोधिसत्त्वाने पुन्हा नाव चालवायला घेतली. पलीकडे कोणी वारल्याचे कळले की तो नाव बांधून ठेवी आणि स्वतः खांदा द्यायला जाई. श्रीमंताचे मर्तिक असो की घोंगडी विणणाऱ्याचे, त्याने दुसऱ्याला कधी पाठवले नाही. पहिल्या वर्षी तो एकटाच जाई. नंतर रुद्रकही जाऊ लागला. रेवा पुष्करच्या वर्षश्राद्धाला उत्तरासाठी जेवणाचे ताट पाठवी. उत्तरा ते ठेवून घेई, पण रेवेकडे कधी आली नाही.

शास्त्यांची हकिकत सांगून झाली. मग त्यांनी जन्मांचा मेळ घातला. “गृहपती, तेव्हाचा राजा पुढे अनेक जन्म भटकला आणि अजून भटकतो आहे. रुद्रक म्हणजे तो दाराशी उभा असलेला उंच भिक्षू. त्याला वाकून चालायची सवय कुठून लागली, असे इतर भिक्षू त्याला विचारतात. रेवा आज भिक्षुणीसंघात आहे. वरुणदत्त मीच होतो.”

पुनर्वसूने विचारले, “भगवन्, आणि उत्तरा?”

“ती त्या गावात जन्मली आहे, ज्यावर तुम्ही उद्या चालून जाणार आहात. कोणत्या घरात, ते मी सांगणार नाही. ते कळले तर तू तेवढेच घर वाचवशील.”

पुनर्वसू हळूच म्हणाला, “आणि मी कोण होतो? मी त्या कथेत होतो का?”

“होतास. तिरडीवर होता तो पुष्कर तू होतास. तुझ्या नावाने घरे जाळता आली असती. तुझ्या बापाने ती जाळू दिली नाहीत. ज्याचे कोणी गेले आहे, त्याच्याच हाती अशा वेळी ही सत्ता असते, आणि ती सोडून देणे राज्य सोडण्याहून अवघड असते. त्यालाच क्षांती म्हणतात.”